वधू एका चित्रात, वर दुसऱ्या चित्रात

ग्रुप शोमध्ये हे चित्र हमखास असतं. मोठा कॅनव्हास, मध्यभागी नवरा-नवरी. नवरीच्या अंगावर शालू, पण पदर जमिनीला टेकेपर्यंत त्याचा डांबरी रस्ता झालेला. त्यावर पांढरे पट्टे आणि एक बारकी मोटार. नवऱ्याच्या डोक्यावर फेटा, फेट्याखाली चेहऱ्याच्या जागी मोबाइलचा पडदा, किंवा पिंजरा, किंवा घड्याळ. मागे अर्धं देऊळ, अर्धी काचेची इमारत. आकाशात एखादी गाय. शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं की परंपरा आणि आधुनिकता यांच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या भारतीय नवदांपत्याचं हे अतिवास्तववादी चित्रण आहे. मुंबईत पाहिलं, पुण्यात पाहिलं, पणजीतही पाहिलं. तपशील बदलतात, चित्रकार बदलतो. चिठ्ठी तीच असते.

कुणा एका चित्रकाराला बोल लावायचा नाही. हात बहुतेकांचा तयार असतो. जरीचा काठ इतक्या निगुतीनं रंगवलेला असतो की बोट लावून पाहावंसं वाटतं. माझी तक्रार चित्रामागच्या विचाराबद्दल आहे. ही चित्रं म्हणजे कोडी असतात आणि प्रत्येक कोड्याचं उत्तर पाठीमागे छापलेलं असतं. रस्ता म्हणजे प्रगती, पिंजरा म्हणजे बंधन, घड्याळ म्हणजे नवऱ्याला वेळ नाही. उत्तरं जुळवली की चित्र संपलं. आंद्रे ब्रेताँनं १९२४ मध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिला तेव्हा त्याला नेमकं याच्या उलट हवं होतं: विवेकबुद्धीनं आधी ठरवून न ठेवलेलं, लिहिणाऱ्यालाही न कळलेलं काहीतरी वर यावं. दालीच्या १९३१ च्या चित्रातली वितळणारी घड्याळं अजून टिकून आहेत, कारण ती कशाची ‘खूण’ आहेत हे कुणाला शेवटचं सांगता आलेलं नाही. आपल्या ग्रुप शोमधलं घड्याळ दहा सेकंदांत वितळून जातं.

पण त्याहून मोठी अडचण ‘सीमारेषा’ या शब्दाची आहे. एका बाजूला परंपरा नावाचा देश, दुसऱ्या बाजूला आधुनिकता नावाचा, आणि मधल्या नाक्यावर हातात हात घालून उभं असलेलं जोडपं, असं ते चित्र आहे. कुठलंही लग्न आठवून पाहा. पुढे बँडवाले, अंगात ब्रिटिश फौजेच्या वळणाचा लाल डगला, वाजवतायत सिनेमातलं गाणं. मागे घोडीवर सूट घातलेला नवरा, कपाळावर मुंडावळ्या. मंगल कार्यालय ही संस्था काही पेशवाईतली नव्हे. यातलं परंपरेचं काय आणि आधुनिक काय, हे वेगळं काढायला बसलात तर वऱ्हाड जेवून घरी जाईल. कृष्ण खन्नांनी वर्षानुवर्षं बँडवाले रंगवले ते मला म्हणूनच आवडतात. त्यांनी काहीही वितळवलेलं नाही, कुणाला उडवलेलं नाही. नुसते ते डगले, ती पितळी वाद्यं आणि थकलेले चेहरे. आणि तरी चित्र स्वप्नातलं वाटतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: या बँडवाल्यांच्या चित्रांमध्ये लग्न आहे, पण नवरा-नवरी बहुतेक वेळा चौकटीबाहेर आहेत.

माग्रितचं ‘द लव्हर्स’ हे १९२८ चं चित्र सगळ्यांना ठाऊक असतं. एक पुरुष, एक स्त्री, दोघांची डोकी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, आणि ते एकमेकांचं चुंबन घेतायत, कापडातूनच. ते बघताना मराठी माणसाला अंतरपाट आठवत नसेल तर आश्चर्य आहे. माग्रितला ते कापड कल्पावं लागलं. आपल्याकडे दोन माणसं ते दोन टोकांना धरून उभी असतात, भटजी लाउडस्पीकरवर मंगलाष्टकं म्हणतात, आणि तीनशे लोक अक्षता टाकतात, त्यातल्या निम्म्या पुढच्या रांगेतल्यांच्या मानेत जातात. कापडाच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं, समोरासमोर, अदृश्य. मग सूनमुख: सासू सुनेचं तोंड आरशात बघते. मग ताटात पसरलेल्या तांदळावर नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. वीस-पंचवीस वर्षं जे नाव होतं ते गेलं, नवं तांदळात आलं, आणि ताट हलवलं की तेही गेलं. एखाद्या अतिवास्तववादी चित्रकाराला हे सुचलं असतं तर त्यावर पुस्तकं लिहिली गेली असती. आपण त्याचे फोटो काढतो आणि जेवायला बसतो.

म्हणजे चित्रविचित्र काहीतरी जोडायची गरजच नाही. लग्न मुळातच पुरेसं विचित्र आहे. चित्रकारानं ते नीट पाहायला हवं. आणि नीट पाहिलं की दिसतं ते असं, की नवरा-नवरी दोघं मिळून कुठल्या सीमारेषेवर उभे नसतातच. रेषा त्यांच्यामधून गेलेली असते. सूट त्याला, शालू तिला. घर त्याचं तेच राहतं, तिचं बदलतं. आडनाव, पुष्कळदा नावसुद्धा, तिचं. मंगळसूत्र, जोडवी, हिरवा चुडा, कुंकू हे सगळं तिच्या अंगावर. त्याच्या अंगावर लग्न झाल्याची एखादी अंगठी असली तर असली. आधुनिकता आणि परंपरा यांची वाटणी केव्हाच झालेली आहे. जोडप्याला ती ‘कात्री’ वगैरे वाटत असेल, पण तिचं धारदार पातं एकाच बाजूला आहे.

गंभीर भारतीय चित्रकलेनं हे बहुधा ओळखलं होतं. माझ्या पाहण्यातली नवविवाहितांची जी चित्रं मला खरी वाटतात, त्यांत वधू आणि वर एका चौकटीत सापडत नाहीत. जामिनी रॉय यांचं १९५२ चं ‘ब्राइड अँड टू कम्पॅनियन्स’ घ्या. वधू आहे, दोन सख्या आहेत, वर नाही. आणि त्याआधीचं, माझ्या मते या विषयावरचं सर्वांत मोठं चित्र: अमृता शेरगिल यांचं ‘ब्राइड्स टॉयलेट’, १९३७.

१९३६ च्या अखेरीस शेरगिल मुंबईत आल्या, ताजमहाल हॉटेलात त्यांचं प्रदर्शन झालं, अजिंठा-वेरूळ पाहून त्या दक्षिणेत गेल्या. परत सिमल्याला जाऊन त्यांनी तीन मोठी चित्रं केली; त्यांतलं हे एक. हल्ली ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. मध्ये वधू बसली आहे, भोवतालच्या बायकांपेक्षा उजळ. मागे एक बाई तिचे केस आवरतेय. बाजूला सावळ्या बायका-मुलं. वधूचे तळवे मेंदीनं लाल. लग्नघरातला हा क्षण म्हणजे खरंतर कलकलाट: कुणाची पिन सापडत नाही, कुणी गजरा पाण्यात ठेवायला विसरलंय, एक मावशी रडायला लागलीये. या चित्रात आवाज नाही. कुणी कुणाशी बोलत नाही. सगळ्या एकमेकींना खेटून आहेत आणि प्रत्येक जण एकटी आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरून शेरगिल यांनी देहांचं वजन घेतलं, मातकट लाल घेतला. पण तिथली लगबग आणि तिथला शृंगार घेतला नाही. नाव शृंगाराचं आणि चित्र शांत, जवळजवळ सुतकी.

या चित्रानंतर तीनच वर्षांनी, १९४० मध्ये, माक्स अर्न्स्टनं ‘द रोबिंग ऑफ द ब्राइड’ केलं. विषय अगदी तोच: वधूला सजवणं. अतिवास्तववादी चित्रांची यादी करायला बसलं तर हे पहिल्या दहांत येईल. वधूच्या अंगावर पिसांचा भला थोरला लाल झगा, तिचं डोकं घुबडासारखं. शेजारी हिरवा पक्षिमानव, हातात भाला. एक नग्न स्त्री मागे ढकललेली. पायाशी पोट सुटलेला एक बुटका हिरवा जीव डोळे पुसतोय. मागच्या भिंतीवर एक चित्र किंवा आरसा, त्यात तीच वधू पुन्हा. व्हेनिसला पेगी गुगेनहाइमच्या संग्रहात ते आहे. चित्र थोर आहे यात शंका नाही. पण ही वधू घाबरवणारी आहे, कामनेनं आणि सत्तेनं फुगलेली. ती पुरुषाच्या स्वप्नातली वधू आहे. शेरगिल यांची वधू कुणाच्याच स्वप्नातली नाही. तिला घुबडाचं डोकं नाही, पिसं नाहीत, आणि तरी तिच्याकडे पाहताना मला जास्त चमत्कारिक वाटतं. आपण जिला सजवतोय ती इथे आहे का, असा प्रश्न पडतो. शेरगिल यांना कुणी अतिवास्तववादी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. एवढंच की अर्न्स्टला जे सगळं मांडावं लागलं, ते त्यांनी फक्त नजरा काढून घेऊन साधलं.

(पुढच्याच वर्षी, १९३८ च्या उन्हाळ्यात, शेरगिल यांनी स्वतः लग्न केलं, हंगेरीत, आपल्या मामेमावस नात्यातल्या व्हिक्टर एगनशी. चरित्रावरून चित्र वाचायची खोड मला आवडत नाही, म्हणून हे कंसात.)

आता वर. तो शोधायला मला भूपेन खख्खर यांच्याकडे जावं लागतं. ‘मॅन विथ अ बुके ऑफ प्लास्टिक फ्लॉवर्स’, १९७५. समोर तोंड करून उभा असलेला एक मध्यमवयीन माणूस, हातात प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ, भोवती छोट्या-छोट्या चौकटींत घरांतली, रोजच्या जगण्यातली दृश्यं. मांडणी नाथद्वाराच्या देवाच्या चित्रांसारखी: मध्ये श्रीनाथजी, कडेनं प्रसंग. फक्त देवाच्या जागी हा गृहस्थ. खख्खर त्याला नवरदेव म्हणत नाहीत, मी म्हणते. तो तसाच उभा आहे जसा माणूस स्टेजवर उभा राहतो, स्वागत समारंभात, पाकिटं घेत. डोळ्यांत काही नाही. शेजारची जागा रिकामी आहे आणि फुलं कोमेजणार नाहीत.

खख्खर मूळचे मुंबईच्या खेतवाडीतले, शिक्षणानं चार्टर्ड अकाउंटंट, १९६२ मध्ये बडोद्याला गेले. त्यांनी लग्न केलं नाही. पुरुषांवरचं त्यांचं प्रेम १९८१ च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’पासून चित्रांत उघड होत गेलं. १९७५ मध्ये ते अजून उघड नव्हतं. त्या काळातल्या मध्यमवर्गीय गुजराती घरात चाळिशीच्या अविवाहित माणसाकडे लोक कसे बघत असतील ते सांगायला नको. मराठी घरातही वेगळं नव्हतं. म्हणून मला ते प्लास्टिकचे गुच्छ विनोदी वाटत नाहीत. समीक्षक ‘किच’ हा शब्द वापरून मोकळे होतात. खख्खर यांना त्या फुलांची टर उडवायची असती तर त्यांनी ती इतक्या मायेनं रंगवली नसती. नवरदेव होण्याची सगळी सामग्री हातात आहे, आणि ज्या संसारासाठी ती जमवायची तो कडेच्या चौकटींत दुसऱ्यांच्या नावावर चालू आहे.

तर वधू एका चित्रात, वर दुसऱ्या चित्रात. दोघं एकत्र सापडतात ते चित्रकारांकडे नाही, फोटो स्टुडिओत.

मध्य प्रदेशातल्या नागदा या गावात सुरेश पंजाबी यांचा स्टुडिओ आहे. त्याचं नावच सुहाग. नागदा म्हणजे ग्रासिमच्या कारखान्याभोवती वाढलेलं गाव. ख्रिस्तोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञानं या गावातल्या छायाचित्रांवर काम केलं, १९९७ मध्ये त्याचं ‘कॅमेरा इंडिका’ हे पुस्तक आलं. त्यात एकाच फ्रेममध्ये एकच माणूस दोनदा बसलेला दिसतो. लग्नाच्या अल्बममध्ये चेहऱ्यांवर चेहरे, दृश्यांवर दृश्यं चढवलेली. पिनीचं म्हणणं साधारण असं की इथे लोक स्टुडिओत जातात ते आपण कसे आहोत याचा पुरावा ठेवायला नव्हे, आपण कसे होऊ शकलो असतो ते बघायला. हे वाचताना मला नागदा परकं वाटलं नाही. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी असा स्टुडिओ होता. मागे रंगवलेला पडदा: जिना, कारंजं, क्वचित ताजमहाल. आमच्या मावशीच्या लग्नाच्या अल्बमात मावशी गुलाबाच्या पाकळ्यांत आहे, काका चंद्रात. दोघांचे चेहरे वेगवेगळ्या दिवशी काढले असावेत असा उजेड. एका पानावर काकांच्या उघड्या तळहातावर अंगठ्याएवढी मावशी उभी आहे, नऊवारीत, पदर सावरत. लहानपणी आम्हांला ते पान सगळ्यांत जास्त आवडायचं.

तो तळहात मला हल्ली फार छळतो. फोटोग्राफरनं तो हौसेनं केला होता. त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला तो तसाच करून देत असणार. त्यात टीका नव्हती, रूपक नव्हतं, शेजारी चिठ्ठी तर नव्हतीच. नवऱ्याच्या तळहातावरची अंगठ्याएवढी बायको: ही प्रतिमा बाजारपेठेतल्या एका माणसानं कात्री आणि डिंक घेऊन तयार केली आणि सगळ्या घरानं कौतुकानं पाहिली. ब्रेताँला न कळता वर आलेलं जे हवं होतं ते हेच असावं, असं मला वाटतं. एक पडताळा मी नेहमी घेते: बायकोच्या तळहातावर उभा नवरा, असा फोटो कधी कुणी पाहिलाय का? चेष्टेतसुद्धा?

इथे कुणी म्हणेल की स्टुडिओनं निदान दोघांना एका पानावर तरी आणलं. खरं आहे. आणि दोघांनी एका पानावर यावं, बरोबरीनं यावं, यासाठी महाराष्ट्रात फार आधी प्रयत्न झालेला आहे, चित्रांत नव्हे तर खुद्द बोहल्यावर. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची. फुल्यांनी लग्नासाठी जी मंगलाष्टकं रचली त्यांत भटजी बोलत नाही. वर आणि वधू आळीपाळीनं एकमेकांशी बोलतात, आणि वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलते, वराकडून कबुली घेते. आपल्या चित्रकलेत या वधूचं एक चित्र असावं अशी माझी फार इच्छा आहे. बोलणारी वधू. शालू-रस्ता-मोटार यांच्या शेकडो चित्रांमध्ये तोंड उघडलेली एकही नवरी मला भेटलेली नाही.

न बोलणाऱ्या नवरीचं पुढे काय होतं, हेही एका चित्रमालिकेत आहे. नीलिमा शेख यांची ‘व्हेन चंपा ग्रू अप’, १९८४-८५, कागदावर टेंपेरात केलेली बारा चित्रं. चंपा ही शेख यांच्या ओळखीतली, शेजारपाजारची खरी मुलगी. तिचं लग्न झालं आणि सासरी हुंड्यासाठी तिला जाळलं गेलं. मालिका सुरू होते तेव्हा ती मोकळी आहे, वाढत्या वयाची, सायकलवर. मग लग्न, मग सासर, मग स्वयंपाकघर.

त्या वर्षांचा संदर्भ ध्यानात घ्यायला हवा. हुंडाबंदी कायदा १९६१ चा, पण तो कागदावर होता. स्टोव्हचा भडका उडून सून भाजली, ही बातमी तेव्हा वर्तमानपत्रात इतकी नेहमीची होती की आतल्या पानावर चार ओळींत यायची. दंडसंहितेत सासरच्या छळाचं ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये आलं, हुंडाबळीचं ३०४-ब १९८६ मध्ये. शेख यांची चित्रं या दोन तारखांच्या मधली आहेत. कायद्याला अजून जे नाव द्यायचं होतं ते त्या रंगवत होत्या.

त्यांनी ते मोठ्या कॅनव्हासवर, किंचाळत्या रंगांत केलं नाही. त्या लघुचित्रांच्या परंपरेकडे गेल्या, जिथे झोके असतात, फुललेली झाडं असतात, सख्या असतात, वाट पाहणारी नायिका असते. पहाडी आणि राजस्थानी चित्रांनी प्रेमासाठी घडवलेली ही सगळी भाषा त्यांनी घेतली आणि तिच्यात रॉकेलची गोष्ट सांगितली. अतिवास्तव म्हणायचं तर मी याला म्हणेन: तोच नाजूक कुंचला, तीच सपाट, गोड जागा, आणि तिच्यात स्वयंपाकघर. परंपरा आणि आधुनिकता इथेही आहेत, पण शेजारी-शेजारी उभ्या नाहीत. परंपरा ही चित्राची लिपी आहे आणि तिच्यात जे लिहिलंय ते विसाव्या शतकातलं, नव्या बांधलेल्या घरांतलं आहे, जिथे हुंड्यात स्कूटर आणि फ्रिज मागतात.

चित्रं आकारानं लहान आहेत, पोथीच्या पानाच्या जातीची. लांबून काही कळत नाही. पाठीमागे हात बांधून, दोन पावलं मागे सरून बघायची सवय असेल तर चंपा दिसणारच नाही. नाक काचेला लागेपर्यंत जवळ जावं लागतं, आणि तोवर तुम्ही तिच्या स्वयंपाकघरात पोचलेले असता.